खाज थांबली, पण बुरशी तिथेच आहे

अंगावरून पांढरे जाते, जांघेत खाज सुटते, जिभेवर दह्यासारखा थर येतो. या तक्रारी सांगताना माणसांचा आवाज खाली येतो. बाई दाराकडे बघत बोलते. पुरुष असेल तर ‘एका मित्राला त्रास आहे’ म्हणून सुरुवात करतो. घरात याला एकच शब्द असतो, घाण. ‘नीट धूत नसशील’ असे सासू म्हणते. नवरा काही म्हणत नाही, पण मनात संशय धरतो. मग ती बाई दिवसातून चार-चार वेळा साबणाने, जंतुनाशकाच्या पाण्याने धूत राहते आणि त्रास वाढतच जातो. शेवटी गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलमधून कोणीतरी एक मलम आणून देते. दोन दिवसांत खाज थांबते. महिन्याने पुन्हा सुरू होते.

यीस्टच्या बुरशीला घाणीचा आजार समजणे चूक आहे, आणि तिच्यावर मिळेल ते मलम चोळणे त्याहून मोठी चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही बुरशी बहुतेक वेळा बाहेरून येत नाही. ती आपल्या शरीरात आधीपासून राहत असते, आणि शरीराचा पहारा तिला जागच्या जागी ठेवत असतो. ती वारंवार डोके वर काढू लागली तर पहाऱ्यात काय बिघडले हे शोधायला हवे. ‘अस्वच्छ’ हा शब्द आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. तो आपल्याच घरात सुनेला किंवा मुलीला लावला जावा, आणि तोही विज्ञानाने खोट्या ठरवलेल्या कारणावरून, हे आम्हाला सहन होत नाही. म्हणून या वेळी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. पाव फुगवणारे यीस्ट आणि नीरेची ताडी करणारे यीस्ट याच कुळातले. माणसाच्या शरीरात राहणाऱ्या यीस्टमध्ये कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात मुख्य. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती असते, बायकांच्या योनीमार्गात असते, आणि तिचा काही त्रास नसतो. चारपैकी जवळजवळ तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी योनीमार्गाचा यीस्टचा त्रास होतो, असे वैद्यकाची पुस्तके सांगतात. यात गरीब-श्रीमंत, रोज दोनदा अंघोळ करणारी आणि न करणारी, सगळ्या आल्या. गजकर्ण, नायटा हीही बुरशीच, पण ते यीस्ट नव्हे, तिचे कूळ वेगळे. मात्र मलमांबद्दल पुढे जे लिहिले आहे ते तिलाही तितकेच लागू आहे.

आता पहाऱ्याकडे येऊ. शरीराच्या पेशी रोगजंतूंशी लढतात हे आज शाळेतली मुलेही सांगतात. पण ही लढाई माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली आणि लिहून ठेवली ती कोणत्या जंतूशी चाललेली होती, हे फार थोड्यांना माहीत असते. ती यीस्टशीच होती. इल्या मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८८४ साली पाण्यातल्या डॅफ्निया या बारीकशा किड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा किडा काचेसारखा पारदर्शक असल्यामुळे त्याच्या पोटातले सगळे जिवंतपणी दिसते. किडा खाण्याबरोबर एका यीस्टचे सुईसारखे टोकदार बीजाणू गिळतो. ते आतड्याची भिंत भोसकून शरीरात घुसतात. मेचनिकॉफला दिसले की लगेच किड्याच्या रक्तातल्या पेशी धावून येतात, त्या सुईला घेरतात, गिळतात आणि विरघळवून टाकतात. बहुतेक किडे वाचत होते. जिथे बीजाणू फार झाले किंवा एखादा पेशींच्या तावडीतून सुटला, तिथे यीस्टला अंकुर फुटत, ते वाढत जाई आणि किडा मरे. गिळणाऱ्या पेशींचा सिद्धांत त्याने अशा निरीक्षणांवर उभा केला. त्या काळी अनेकांना तो पटला नव्हता. १९०८ साली त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या रक्तात हेच काम मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. रक्ताच्या साध्या तपासणीच्या कागदावर हे नाव टक्केवारीसह छापलेले असते. घरी जुना रिपोर्ट असेल तर काढून पाहा. शरीर रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते, आणि त्यांचे आयुष्य थोडके असते. यीस्टची गोल पेशी दिसली की न्यूट्रोफिल तिला गिळतो. पण कॅन्डिडाकडे एक युक्ती आहे. अनुकूल जागा मिळाली की ती गोल पेशी लांब होऊन धाग्यासारखी वाढते आणि हा धागा त्वचेच्या पेशींत घुसतो. इतका लांब धागा एका पेशीला गिळता येत नाही. तेव्हा काही न्यूट्रोफिल स्वतःच्याच डीएनएचे जाळे बाहेर फेकून धाग्याला त्यात अडकवतात आणि हे करताना बहुधा स्वतः मरतात.

शत्रू आला हे त्यांना कळते कसे? यीस्टच्या पेशीला बाहेरून एक भिंत असते. आपल्या पेशींना तशी भिंत नसते. त्या भिंतीत बीटा-ग्लुकॅन नावाची एक साखर असते, जी माणसाचे शरीर कधीच बनवत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींवर ही साखर ओळखणारा एक ग्राहक असतो, डेक्टिन-१. त्याचे हे काम २००१ साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. त्याआधी १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीवर एक प्रयोग झाला होता. टोल नावाचे जनुक बिघडलेल्या माशा बुरशीचा सामना करू शकत नव्हत्या. त्यांच्या अंगावर बुरशीचे धागे उगवले आणि त्या मेल्या. तशाच ओळखयंत्रणा मग माणसातही सापडल्या. हॉफमन यांना २०११ साली नोबेल मिळाले. प्रतिकारशक्तीच्या शास्त्रातले इतके मोठे धडे या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या बुरशीने शिकवले आहेत, आणि आपण तिचे नाव घ्यायलाही लाजतो.

आमच्या मुद्द्यासाठी यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तोंडातल्या किंवा आतड्यातल्या यीस्टला शरीर रोज मारत बसत नाही. गोल, शांत यीस्ट दिसले तर पहारेकरी फारसे हलत नाहीत. धागा वाढून पेशी फाटू लागल्या की मग आरडाओरडा होतो. २०१६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी या धाग्यातून सुटणारे विष शोधले, त्याला कॅन्डिडालायसिन म्हणतात. हे विष पेशीला भोके पाडते, आणि त्याच भोकांमुळे पेशीला कळते की हा आता नुसता शेजारी राहिलेला नाही. मग ती न्यूट्रोफिलना बोलावणारे निरोप सोडते. या निरोपांत इंटरल्युकिन-१७ हा एक मुख्य, आणि तो पाठवण्यात टी-पेशींचा मोठा वाटा असतो. ज्यांच्यात हा निरोप जन्मतःच बिघडलेला असतो, अशा माणसांना लहानपणापासून तोंडात, नखांत, त्वचेवर कॅन्डिडा छळत राहतो. असे दोष २०११ मध्ये जनुकांपर्यंत शोधले गेले. सोरायसिससाठी हाच निरोप अडवणारी इंजेक्शने हल्ली दिली जातात. ती घेणाऱ्या काहींना तोंडात यीस्ट होते ते यामुळेच. इंजेक्शन घेणाऱ्याने घाबरायचे कारण नाही, पण जिभेवर थर आला तर डॉक्टरांना सांगावे.

शरीरात पहारा एकच नाही. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या ओल्या त्वचेवर टी-पेशींचा पहारा आहे. रक्तात आणि आतल्या अवयवांत न्यूट्रोफिलचा. म्हणून कर्करोगाच्या औषधांनी ज्याचे न्यूट्रोफिल फार खाली गेले आहेत, त्याच्या रक्तात यीस्ट शिरण्याची भीती असते. ते जिवावर बेतणारे असते आणि त्याला रुग्णालयातच उपचार लागतात. आणि टी-पेशी कमी झालेल्याच्या तोंडात आणि अन्ननलिकेत यीस्ट माजते, गिळताना दुखते.

एड्सची जगाला पहिली अधिकृत खबर लागली ती ५ जून १९८१ रोजी, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकातून. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना न्यूमोनियाचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याची ती नोंद होती. त्या नोंदीत आणखी एक ओळ आहे: पाचही जणांना ओल्या त्वचेवर कॅन्डिडाचा संसर्ग होता. विषाणूचे नाव तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पहारा कोसळल्याची बातमी यीस्टने आधीच दिली होती. आजही तरण्याताठ्या माणसाच्या तोंडात, कवळी नाही, दम्याचा पंप नाही, नुकतीच अँटिबायोटिक घेतलेली नाही, तरीही पांढरा थर येत असेल, तर डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी सुचवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. तसे सुचवले म्हणून रागावू नये. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ती संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. लवकर कळले तर आजची औषधे घेऊन माणूस वर्षानुवर्षे काम करतो, संसार करतो.

(याचा अर्थ पांढरे जाणाऱ्या प्रत्येक बाईने एचआयव्हीच्या भीतीने झोप घालवावी असा नाही. योनीमार्गातले यीस्ट पूर्ण निरोगी बाईलाही होते.)

योनीमार्गाची गोष्ट निराळी आहे, आणि ती समजली तर बाजारातल्या निम्म्या भूलथापा आपोआप गळून पडतील. पूर्वी समज असा होता की प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून बाईला हा त्रास होतो. २००४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी स्त्रियांनी स्वखुशीने योनीमार्गात जिवंत कॅन्डिडा टाकून घेतला. बहुतेकींना काहीच झाले नाही. ज्या थोड्यांना खाज, आग, स्राव सुरू झाला, त्यांच्या योनीमार्गात न्यूट्रोफिलची गर्दी झालेली आढळली. म्हणजे त्रास पहारा नसल्याचा नव्हता. पहारेकरी फार झाले, त्यांनी गोंधळ घातला, आणि तरीही यीस्ट नीट मारले गेले नाही. त्या जागी न्यूट्रोफिलचे मारण्याचे काम का जमत नाही यावर संशोधन चालू आहे. पण एवढे नक्की की ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे लिहिलेला काढा, पावडर किंवा महागडा डबा घेऊन ही खाज जाणार नाही. प्रतिकारशक्ती ही नळाची तोटी नव्हे, फिरवली की जास्त यायला. तिचे अनेक भाग आहेत, ते आपापल्या जागी आपापल्या वेळी चालावे लागतात. असे डबे विकणाऱ्याला विचारावे, तू नेमका यातला कोणता भाग वाढवतोस? उत्तर येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

योनीमार्गात खरा रोजचा पहारा असतो तो लॅक्टोबॅसिलस या उपयोगी जिवाणूंचा. ते तिथले वातावरण आम्लधर्मी ठेवतात आणि जागा अडवून बसतात. सर्दी-खोकल्यासाठी विनाकारण घेतलेली अँटिबायोटिक त्यांना मारते, यीस्टला मारत नाही. आत पाणी मारून धुणे, साबण लावणे, सुगंधी द्रव वापरणे यांनीही हा पहारा विस्कटतो. बाहेरून साध्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे, सुती कपडा घालावा, एवढे पुरे. जी बाई सर्वांत जास्त धुते तिलाच अनेकदा सर्वांत जास्त त्रास का, याचे उत्तर यात आहे. आणि नवऱ्यांसाठी एक वाक्य: यीस्ट हा सहसा लैंगिक संबंधातून येणारा आजार मानला जात नाही, त्यावरून बायकोच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नये.

मग पहारा बिघडवणारे कोण? आपल्याकडे दोन मोठे. पहिली रक्तातली साखर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि अनेकांना तो असल्याचे माहीतच नसते. साखर वाढली की दोन्हीकडून घात होतो. यीस्टला भरपूर खाद्य मिळते आणि न्यूट्रोफिलचे मारण्याचे काम मंदावते. चाळिशीतल्या पुरुषाच्या शिश्नाच्या टोकाला लाली येते, कातडी चिरते, मागे ओढताना दुखते. तो सहा महिने मलम लावतो आणि साखर कोणी तपासलीच नाही, असे आजही होते. आमच्या मते अशा रुग्णाला साखर न तपासता परत पाठवणे हा निष्काळजीपणा आहे, मग डॉक्टर कितीही मोठा असो. वयाची ३० वर्षे ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते.

इथे एक नवी गोष्ट सांगायला हवी. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावांच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा होतो, आणि आता स्वस्तही झाल्या आहेत. पण लघवीत साखर आली की त्या जागी यीस्ट वाढायला वाव मिळतो, बाईला आणि पुरुषालाही. गोळी सुरू झाल्यावर खाज आली तर लाजून गोळी स्वतःच बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे. लघवीनंतर धुऊन कोरडे करण्याची सवय आणि साधा औषधोपचार यांनी बहुतेकांचे भागते. ही सूचना गोळी लिहून देतानाच रुग्णाला मिळायला हवी. ती अनेकदा मिळत नाही.

दुसरा बिघडवणारा स्टेरॉईड, आणि याच्यावर आमचा रोख आहे. खाज कशामुळे सुटते? पहारेकरी पेशी बुरशीशी भिडतात, त्या भांडणाची ती खूण. स्टेरॉईड त्या पेशींना झोपवते. म्हणून मलम लावल्या लावल्या आराम पडतो, लाली उतरते, माणसाला वाटते रामबाण सापडला. प्रत्यक्षात बुरशी जागीच असते, फक्त तिच्याविरुद्ध ओरडणारे गप्प झालेले असतात. मेडिकलमध्ये ‘खाजेचे मलम’ म्हणून मागितले की जे हातात पडते त्यात अनेकदा तीन औषधे एकत्र असतात: बुरशीचे एक, जिवाणूंचे एक, आणि क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टेरॉईड. स्टेरॉईडमुळे आराम झटपट दिसतो, म्हणून गिऱ्हाईक पुन्हा तेच मागते. जांघेची कातडी मुळात नाजूक. महिनोन्महिने लावल्यावर ती पातळ होते, पोटुशीच्या पोटावर असतात तशा रेघा जांघेत कायमच्या उमटतात, बुरशी पसरते, आणि तिचे रूप इतके बदलते की त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो.

केंद्र सरकारने २०१८ साली अशा १४ स्टेरॉईड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातले. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, पण आपल्या वस्तीतल्या दुकानात चिठ्ठी कोणी मागितली का, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. पण दिवसाची मजुरी बुडवून, दोन बस बदलून, रांगेत उभे राहून त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत जायचे आणि तिथे तारीख पुढची मिळायची, तर माणूस दुकानातच जाणार. आठवड्यातून एक दिवस तरी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि शहरी दवाखान्यात त्वचारोगाचा डॉक्टर बसला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी रस्ते-गटारांच्या मागण्यांइतक्याच जोराने करायला हवी.

२०२१ ची आठवण महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी आली. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला, अँम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. ती यीस्ट नव्हती, वेगळ्या जातीची बुरशी होती. पण ती आत शिरली ती याच दोन दारांनी, वाढलेली साखर आणि बेसुमार दिलेले स्टेरॉईड. स्टेरॉईड वाईट औषध आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. ऑक्सिजन लागणाऱ्या करोना रुग्णांचे प्राण त्याने वाचवले, दमा, संधिवात, कितीतरी आजारांत ते लागतेच. दम्याचा स्टेरॉईड पंप घेणाऱ्याने पंपानंतर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंडात यीस्ट होत नाही. साधी गोष्ट आहे, पंप हातात देताना सांगायला अर्धे मिनिट लागते.

हात-पाय सतत ओले राहणाऱ्यांचाही वेगळा विचार करावा लागेल. त्वचेचा कोरडा थर हीच पहाऱ्याची पहिली भिंत. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईची नखांच्या मुळाशी सुजलेली, दाबले की दुखणारी कड, सफाई कामगाराच्या बुटात दिवसभर भिजलेल्या बोटांमधल्या चिखल्या, यात यीस्टचा वाटा अनेकदा असतो. इथे औषध चार दिवस लागू पडते आणि पुन्हा तेच, कारण काम तेच. रबरी हातमोजे आतून सुती अस्तराचे हवेत, बुटांची दुसरी जोडी हवी, दुपारी पाय पुसून कोरडे करायला जागा आणि वेळ हवा. हा खर्च नोकरी देणाऱ्याचा आहे. कामगाराला ‘पाय स्वच्छ ठेव’ असे सांगून त्याला आपली जबाबदारी झटकता येणार नाही.

औषधाबद्दल थोडक्यात. योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी किंवा तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल ही साधी, स्वस्त औषधे आहेत आणि बहुतेकींना त्यांनी आराम पडतो. पण गरोदर बाईने फ्लुकोनाझोल स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये, तिच्यासाठी आत ठेवायची औषधे असतात. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर त्याला वारंवार होणारा आजार म्हणतात. त्याचे उपचार काही महिने चालतात, आणि त्याआधी स्रावाची तपासणी करून जात कोणती हे पाहणे बरे, कारण काही जातींवर नेहमीची गोळी चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तीत सर्वांत वरच्या गटातल्या चार नावांत कॅन्डिडा अल्बिकन्स आहे, आणि रुग्णालयांत पसरणारी, औषधांना दाद न देणारी कॅन्डिडा ऑरिसही आहे. माणसासाठी बुरशीविरुद्धची एकही लस अजून बाजारात नाही. जी थोडी औषधे आहेत ती अर्धवट घेऊन बोथट करणे आपल्याला परवडणारे नाही.

महिला मंडळाच्या बैठकीत एकदा हा विषय उघडपणे घ्यावा असे आम्ही सुचवतो. एक जण बोलली की दहा जणी बोलतात. मात्र बोलताना एक सावधगिरी हवी. पांढरे जाणे म्हणजे यीस्टच, असे मैत्रिणीने ठरवू नये. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, स्वतःच यीस्ट समजून दुकानातून औषध घेतलेल्या बायकांपैकी फक्त तिघींत एकीलाच खरोखर निव्वळ यीस्ट होते. यीस्टचा स्राव दाट, दह्याच्या कवड्यांसारखा असतो, त्याला फारसा वास नसतो, खाज मात्र खूप असते. पाळीच्या मध्यावर येणारा पातळ, पारदर्शक स्राव हा आजारच नव्हे. माशांसारखा वास येत असेल, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असेल, ओटीपोटात दुखून ताप येत असेल, तर तो दुसरा आजार, त्याचे औषध दुसरे. आणि पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त आले, तर यीस्टचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी.